शिंकणाऱ्या घरात कुत्रं आणताना

“आई, याचे केस गळतच नाहीत गं! मग तुला शिंका येतीलच कशा?”

2016 सालच्या दिवाळीत आमच्या लेकीनं मला हा प्रश्न केला तेव्हा ती सातवीत होती. तिच्या ओंजळीत पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखं एक पिल्लू होतं, आणि मागे हे उभे होते. मला न विचारता आणलेली वस्तू मला आवडणारच, अशी खात्री असलेल्या नवऱ्याचा चेहरा तुम्हाला मी काय वर्णन करून सांगू?

मला धूळ सोसत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. माळा आवरायला काढला की संध्याकाळपर्यंत नाक गळतं, डोळे चुरचुरतात, पावसाळ्यात छातीतून बारीक शिट्टी वाजते. कुत्रं-मांजर असलेल्या घरी हळदीकुंकवाला गेले तरी तेच. म्हणूनच तर बापलेकीनं शोधून शोधून ‘अ‍ॅलर्जी न होणाऱ्या जातीचं’ पिल्लू आणलं होतं. विकणाऱ्यानं तसं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि त्या गुणाचे चार पैसे जास्त घेतले होते. ल्हासा आणि शिह-त्झू यांच्या कुठल्याशा मिश्रणाचं ते पिल्लू. नाव ठेवलं कापूस.

तिसऱ्याच दिवशी कापसाला हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले आणि म्हणाले, “हे पाच आठवड्यांच्या वर नाही. आईपासून इतक्या लवकर तोडलं कुणी?” कुणी ते आम्हाला तरी कुठे माहीत होतं! हायवेवरच्या एका पेट्रोल पंपापाशी तो माणूस टोपली घेऊन आला होता. पिलाची आई यांनी पाहिली नव्हती, घर पाहिलं नव्हतं. हातात होता तो फक्त एक फोन नंबर. सलाईन लावून पिल्लू वाचलं, हे त्याचं आणि आमचं नशीब.

पहिले पंधरा दिवस मला खरोखर काही झालं नाही. मग सुरू झालं. सकाळी ओळीनं दहा-बारा शिंका, मग खाज, मग रात्रीचा खोकला. मी बोलले नाही. मुलं त्याच्यावर जीव टाकत होती, हे संध्याकाळी फिरायला जाऊ लागले होते, घरात हसणं वाढलं होतं. त्यात विरजण कोण घालणार? औषधाच्या दुकानातून गोळी आणायची, घ्यायची, गप्प बसायचं. गंमत अशी, की घरात ज्या बाईला शिंका येतात तिच्याच हातात केरसुणी असते. कापसाची चादर झटकायची मी, त्याला विंचरायचं मी, त्यानं ओलं केलेलं पुसायचं मी. होळीच्या आधी एका रात्री मला श्वासच घेता येईना. यांनी स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं, वाफेचं औषध दिलं तेव्हा कुठे छाती मोकळी झाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, “असा दमा घेऊन कुत्र्याबरोबर राहणं धोक्याचं आहे.”

विकणाऱ्याला फोन केला. “एकदा दिलेला माल परत घेत नाही,” असं त्यानं सांगितलं. माल! शेवटी माझ्या नणंदेनं कापसाला आपल्या वाड्यात नेलं. आज तो म्हातारा होऊन तिच्या ओसरीवर घोरत पडलेला असतो, त्याचं चांगलंच झालं. पण तो गेला त्या दिवसापासून आठ दिवस लेक माझ्याशी बोलली नाही. आणि बोलली तेव्हा म्हणाली, “तो गेला तरी तुला शिंका येतातच की. म्हणजे त्याचा दोष नव्हताच.”

तिच्या या वाक्यानं मला जागं केलं म्हणा ना. मी विचारायला, वाचायला लागले, आणि छातीच्या डॉक्टरांकडे रीतसर गेले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की भानगड केसांची नाहीच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या बारीक कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यांची आपल्याला अ‍ॅलर्जी येते. केस हे नुसतं त्यांचं वाहन. कुत्रं अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे अदृश्य कण हवेत तरंगतात आणि पडद्यांत, गाद्यांत, कपड्यांत जाऊन बसतात. ज्याचे केस गळत नाहीत त्यालाही लाळ आहे आणि कातडीही आहे. जनावर घरातून गेल्यावरही हे कण कित्येक महिने घरात राहतात. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं.

‘अ‍ॅलर्जी न होणारी जात’ ही मग आली कुठून? त्याची एक गोष्ट आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या एका संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ काम करत. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या यजमानांना कुत्र्याची अ‍ॅलर्जी. कॉनरननी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिलं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून त्या यजमानांवर परीक्षा घेतली, तर तिघांपैकी एकच पिल्लू त्यांना सोसलं. भगिनींनो, इथे जरा थांबा. आईबाप तेच, वेत तेच, आणि तिघांतलं एकच! जगानं मात्र यातून ‘लॅब्राडूडल’ हे नाव उचललं, दुकानं थाटली, आणि अ‍ॅलर्जी न होणारी जात म्हणून विकायला सुरुवात केली. पुढे 2019 मध्ये खुद्द कॉनरननीच आपल्याला त्या कामाचा पस्तावा होत असल्याचं बोलून दाखवलं. 2009 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी, थोरल्या मुलीला अ‍ॅलर्जी म्हणून, पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा ‘बो’ आला, तेव्हा या समजुतीला आणखी खतपाणी मिळालं.

शास्त्रज्ञांनी मग घराघरांतली धूळच तपासली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या संशोधकांनी 2011 मध्ये सांगितलं, की ‘अ‍ॅलर्जी न होणारं’ कुत्रं असलेल्या आणि साधं कुत्रं असलेल्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळत नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर सरळ कुत्र्यांचे केस तपासले. त्यात नावाजलेल्या ‘निर्धोक’ जातींच्याच अंगावर हे प्रथिन उलट जास्त निघालं! एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत मात्र पुष्कळ अंतर असतं. म्हणजे जात बघून काही कळत नाही. ते एक कुत्रं आणि तुमचं एक नाक, एवढ्यांचाच हा सवाल आहे.

माझ्या डॉक्टरांनी आणखी एक मजेशीर गोष्ट सांगितली. कुत्र्याच्या प्रथिनांपैकी एक फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. ज्यांना तेवढ्याचीच अ‍ॅलर्जी आहे त्यांना मादी, किंवा नसबंदी केलेला नर सोसण्याचा संभव असतो. रक्ताच्या खास तपासणीतून हे कळू शकतं. सगळ्यांना त्याचा उपयोग नाही, पण विचारून ठेवायला काय हरकत आहे?

आधी साधी तपासणी तरी करून घ्यावी. हाताच्या आतल्या बाजूला निरनिराळ्या पदार्थांचे थेंब ठेवून सुईनं नुसतं टोचतात आणि वीस मिनिटांत कुठे गांधी उठते ते बघतात. शिंकांची गोळी त्याआधी काही दिवस बंद ठेवावी लागते, किती ते डॉक्टर सांगतात. माझ्या हातावर सगळ्यात मोठी गांधी उठली ती घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची! त्याखालोखाल गाजर गवत. हो, तेच, ज्याचा आपल्या देशातला फैलाव 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आला आणि जे आता प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर माजलेलं असतं. कुत्र्याची गांधी मध्यम. म्हणजे माझ्या शिंकांत कापसाचा वाटा होताच, पण बाकीचे चोर आधीपासून घरात बसलेले होते, आणि फिरून येताना तोही गवतातले पराग अंगावर घेऊन येत असणार.

मग आम्ही कुत्र्याचं नाव काढलं नाही. आधी घर बघितलं. जाड पडदे गेले, सुती आले. गाद्या-उशांना घट्ट विणीच्या खोळी, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात. केरसुणीनं धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं. आपल्याकडे गालिचे नसतात, फरशा असतात, हे या बाबतीत वरदानच. डॉक्टरांनी रोज घ्यायचा पंप दिला. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे, मीही ती बाळगून होते. शिवाय एक स्वस्तातलं फुंकायचं यंत्र घ्यायला लावलं, पीक फ्लो मीटर. त्यात जोरानं फुंकलं की छाती किती मोकळी आहे त्याचा आकडा मिळतो. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी सकाळ-संध्याकाळचा आकडा मांडू लागले. ज्यांना रात्री दम्यानं जाग येते किंवा वरचेवर पंप ओढावा लागतो, त्यांनी दमा आटोक्यात येईपर्यंत कुत्रं आणूच नये. कितीही गोड असलं तरी नाही.

2022 मध्ये, लेक कॉलेजात गेल्यावर, घरात पुन्हा विषय निघाला. या वेळी मला विचारून! आकडे वर्षभर स्थिर होते. डॉक्टरांनी ‘प्रयोग करून बघा, पण घाई नको’ म्हटलं. आता प्रश्न होता तो कुत्रं कुणाकडून घ्यायचं हा.

एव्हाना एक बरं झालं होतं. 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे नियम आले. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाच्या आत कुत्रीला फळवायचं नाही, वर्षातून एकाहून जास्त वेत नाही, आणि जन्मभरात पाचांपेक्षा जास्त नाहीत. आमचा कापूस पाच आठवड्यांचा होता हे आठवून मला आजही कसंसंच होतं. म्हणून कुणाकडेही गेलात तर आधी नोंदणीचा दाखला बघायला मागा. खरा माणूस तो आनंदानं दाखवतो. ‘केनेल क्लबचे कागद आहेत ना!’ एवढ्यावर मात्र भुलू नका. ते कागद म्हणजे वंशावळ. कुळ कळलं म्हणून प्रकृती कळत नाही, हे आपल्याला स्थळं बघताना कळतं तसंच.

फोनवर तीन-चार ठिकाणी बोलले. “मला अ‍ॅलर्जी आहे, चालेल का?” एवढंच विचारायचे. एक म्हणाला, “शंभर टक्के नाही होणार, लिहून देतो.” दुसऱ्यानं तिथल्या तिथे पैसे पाठवायला सांगितलं, पिल्लू गाडीनं घरपोच. दोघांवरही मी काट मारली. एक बाई मात्र म्हणाल्या, “ताई, ते मी काय सांगणार? तुम्हीच येऊन बसा माझ्याकडे. एकदा नाही, चार-पाचदा या. आणि डॉक्टरांना विचारून या.” मला वाटलं, हे घर बघायला हवं.

त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर होती, भरपूर केस गळणारी! मी दारातच हसले. अंगण झाडलेलं, पाण्याची भांडी घासलेली, कुत्र्यांच्या जागेला फिनेलचाही वास नाही आणि घाणही नाही. कुत्री आपण होऊन जवळ येत होती, कोपऱ्यात दबकत नव्हती. बाईंनी पिलांची आई दाखवली, जनावरांच्या डॉक्टरांच्या सहीची लशींची आणि जंताच्या औषधांची कार्डं दाखवली. लॅब्रॅडॉरच्या खुब्याचे सांधे जन्मजात सदोष असू शकतात, म्हणून आईबापांच्या खुब्याचे काढलेले एक्स-रे सुद्धा दाखवले. आणि मग त्यांनीच माझी उलटतपासणी सुरू केली. घरी दिवसभर कोण असतं? कुत्रीला विंचरणार कोण? गावाला जाताना कुठे ठेवणार? पहिल्या कुत्र्याचं काय झालं? मी कापसाची सगळी हकीकत सांगितली. लपवावंसं वाटलं होतं, पण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुम्हाला पिल्लू द्यायचं नाही.”

माझा चेहरा पडला. तर म्हणाल्या, “मोठी कुत्री द्यायची.”

त्यांचं म्हणणं असं. पिल्लू आज सोसलं तरी वाढल्यावर सोसेल याची शाश्वती कुणी द्यावी? वाढलेल्या कुत्र्याची परीक्षा आधी घेता येते. त्यांच्याकडे पाच वर्षांची एक कुत्री होती, तिची वेतं थांबवून नसबंदी केलेली. चांगल्या घराच्या शोधात होती. नाव राणी.

पहिल्या दिवशी अर्धा तास बसले, तिला हात लावला नाही. दुसऱ्या खेपेला तासभर, मांडीवर तिचं डोकं घेऊन. तिसऱ्या खेपेला तिला मीच विंचरलं, तेव्हा चार शिंका आल्या आणि मनगटावर थोडी खाज उठली. बाईंनी तिच्या अंगाखालचं फडकं पिशवीत घालून दिलं. ते आठवडाभर बैठकीच्या खोलीत ठेवलं आणि वहीतला आकडा बघत राहिले. पंप रोजचा चालूच, आणि अडीनडीचा पंप हाताशी. हे सगळं डॉक्टरांना सांगून, बरं का, मनाच्या शहाणपणानं नव्हे. पाच खेपा झाल्या, दोन महिने गेले. मग बाईंनी साध्या कागदावर लिहून दिलं, की एका महिन्यात सोसली नाही तर राणीला परत घेईन, आणि पुढेही कधी ठेवणं अशक्य झालं तर आधी मलाच कळवायचं, दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायची नाही. यांनी तो कागद विम्याच्या कागदांत ठेवलाय.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे लॅब्रॅडॉर घ्यावी! छे. माझ्या धाकट्या जावेला हीच राणी दहा मिनिटांत बेजार करते. तुम्हाला कदाचित पूडल सोसेल, कदाचित रस्त्यावरून उचलून कुणी सांभाळलेली गावठी कुत्री सोसेल. जनावरांना तात्पुरता आसरा देणारी मंडळी आता आपल्या शहरांतूनही आहेत. वाढलेलं कुत्रं त्यांच्याकडेही असंच चार वेळा जाऊन बसून पारखता येतं, आणि पैसेही पडत नाहीत. लांब केसांची छोटी कुत्री ‘केस गळत नाहीत’ म्हणून घ्याल तर त्यांना रोज विंचरावं लागतं, नाहीतर केसांच्या जटा होतात, हे कुणी आधी सांगत नाही.

राणी आली तेव्हाच घराची वाटणी केली. विंचरणं यांच्याकडे, तेही मागच्या अंगणात. अंघोळ मुलाकडे. अंघोळीनं अंगावरची प्रथिनं कमी होतात खरी, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा तितकीच. म्हणून फार वेळा घालायची तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, कुत्र्यांच्याच साबणानं. माणसांचा शाम्पू तिच्या कातडीला चालत नाही, कातडी कोरडी पडली की कोंडा वाढतो. तिची चादर धुणं लेकीकडे. माझ्याकडे तिचं जेवण आणि संध्याकाळचं फिरणं, गवताचा प्लॉट सोडून दुसऱ्या रस्त्यानं. तिला हात लावला की डोळ्यांना हात लावण्याआधी हात धुवायचे. झोपायच्या खोलीत तिला मज्जाव. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर कुत्रं शिकतं. महिन्यानं पाळू म्हटलं तर कोण ऐकतंय?

महिना पुरा झाला त्या दिवशी मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. आकडे फारसे हलले नव्हते. नाकात मारायचा फवारा रोज घेते, पावसाळ्यात शिंका वाढतात, आणि दोनदा तरी ‘झेपेल ना?’ असं मनात येऊन गेलं. ते मी या वेळी लपवलं नाही. ज्या रात्री खोकला आला त्याच रात्री यांना उठवलं. हे म्हणाले, “सकाळी त्या बाईंना फोन करू का?” म्हटलं, आधी आकडा बघू. आकडा ठीक होता. खिडकीखालच्या प्लॉटवर कुणीतरी गाजर गवत कापून तसंच टाकलं होतं.

लेक आता सुट्टीला घरी आली की आधी वही उघडते, मागची पानं बघते, मग राणीच्या गळ्यात पडते. रात्री दिवे मालवले की राणी आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडते, पंजे बरोबर बाहेर.